हळदीचं पेव आणि ऊसाच्या पावत्या

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "सर, इंडेक्स टाकलाय, तरी क्वेरी स्लो का?" आणि मला मामा आठवला.

२००९ सालची गोष्ट. साताऱ्याजवळच्या एका साखर कारखान्याचं काम होतं. दिवाळीच्या हप्त्याचा रिपोर्ट काढायचा. शेतकरी १५ हजार, प्रत्येकाच्या सरासरी ४० पावत्या, म्हणजे ६ लाख. शेतकरी नंबरावर इंडेक्स होता, तरी रिपोर्ट दोन तासांत संपेना. मध्येच काही अडकलं की पुन्हा पहिल्यापासून. बाहेर लोक चेकसाठी खोळंबलेले, आणि सगळे माझ्याकडे बघतायत!

रविवारी सांगलीला मामाकडे गेलो. मामा हळदीच्या अडतीवर दिवाणजी होता. त्याला रडगाणं ऐकवलं. तो म्हणाला, "अरे, आमच्या हरिपूरच्या पेवांसारखंच की हे!" पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड अरुंद, आत हवा नाही, म्हणून हळदीला कीड लागत नाही. पण उघडायचं म्हणजे मोठा कुटाणा. माती काढा, वाट बघा, मगच माणूस आत उतरणार. "एका मालकाची पोती चाळीस पेवांत ठेवली, तर कुठलं पोतं कुठल्या पेवात ते वहीत लिहून काय उपयोग? पेवं चाळीसच उघडावी लागणार ना?"

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वही म्हणजे आमचा इंडेक्स. पावत्या आल्या त्या क्रमाने डिस्कवर पडलेल्या, म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या ४० पावत्या ४० वेगळ्या पानांवर. ७२०० आरपीएमची डिस्क अर्धा फेरा फिरायलाच ४ मिलिसेकंद घेते, वर हेड सरकायचा वेळ वेगळा. सेकंदाला फार तर ८० पानं. ६ लाख भागिले ८०, म्हणजे ७५०० सेकंद. आले की दोन तास! टेबल मशीनच्या मेमरीपेक्षा मोठं, त्यामुळे तिचाही आधार नाही.

पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं. आमची एक पावती साधारण २०० बाईट, म्हणजे ४० पावत्या जेमतेम एका पानात मावतात. रात्री टेबलाला कुलूप लावून हंगाम आणि शेतकरी नंबराप्रमाणे 'क्लस्टर' कमांड चालवली. सकाळी रिपोर्ट काही मिनिटांत बाहेर. अर्थात, नवीन पावत्या पुन्हा आल्या क्रमानेच पडतात, म्हणून दर हंगामानंतर हे करावं लागतं.

आता एसएसडी आहेत, हेड सरकत नाही. पण एका पावतीसाठी आजही अख्खं पान उचलावं लागतंच.

मामाला फोन करून सांगितलं. खूश झाला. मग जरा थांबून म्हणाला, "एकाच पेवात ठेव, पण सगळं एकाच गावात ठेवू नकोस." २००५ च्या पुरात हरिपूरची बरीचशी पेवं पाण्याखाली गेली होती. तो ते विसरला नव्हता.

त्याच संध्याकाळी बॅकअपची एक कॉपी पुण्याला पाठवली.