चला, येवल्याच्या गच्चीवर!
हॉट एअर बलून आणि पतंग यांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही. बलूनला वारा सोसवत नाही, म्हणून कामशेतला ते भल्या सकाळीच उडवतात. पतंगाचं सगळं गाडं वाऱ्यावर. मला वाऱ्याची पार्टी जास्त आवडते, शिवाय खिशाला परवडते. तेव्हा दोस्तहो, मनमाडला उतरा आणि येवला गाठा.

पैठणीचं हे गाव भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्चीवरच राहतं. आज्या, सुना, बच्चेकंपनी, झाडून सगळे! हलकडी कडाडत असते, तिळगूळ फिरत असतो. आणि हो, चक्री विसरा. इथे आसारी चालते, बांबूच्या काड्यांची, लांब दांड्यावर गरगर फिरणारी. मुंबईकराच्या हाती दिली की गुंता ठरलेला. "ताई, आधी ढील द्या, मग खेचा," शेजारच्या गच्चीवरचा दहा वर्षांचा गुरू मला सांगत होता.

त्याचा मांजा मी मुद्दाम पाहिला. सुती होता, हुश्श! नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातोच. सुती दोरा ताण आला की तुटतो. नायलॉन सहजी तुटत नाही, बाइकवाल्याचा गळा नाहीतर घारीचा पंख चिरतो. बाइकने जाणार असाल तर गळ्याला जाड मफलर हवाच, फॅशन गेली खड्ड्यात.

करीच्या दिवशी अंधार पडला की आतषबाजी सुरू होते. परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचंच काढा.