शून्यसुद्धा लिहायचं

माझ्या वर्गातली मुलं वर्षातून एकदा तरी विचारतातच, "बाई, तुम्ही अंदमानला जाऊन काय केलंत?" मी सांगते, "चालले!" मुलं हसतात. बाई थट्टा करतात असं त्यांना वाटतं. पण खरंच, महिनाभर मी रोज रात्री वाळूतून चालत होते आणि सकाळी वहीत लिहीत होते. एवढीच माझी सेवा!

ही गोष्ट २०१२ च्या जानेवारीतली. माझं डी.एड. झालं होतं आणि नोकरीचा पत्ता नव्हता. अशात कळलं की, लिटल अंदमान बेटावर समुद्री कासवांच्या नोंदी ठेवायला स्वयंसेवक हवे आहेत. पगार नाही, पण जेवण आणि राहायला झोपडी मिळेल. आमचं गाव मंडणगड तालुक्यात. आई म्हणाली, "अगं, कासवं मोजायला एवढ्या लांब कशाला जातेस? आपल्या वेळासला आहेत की!" तिचं खोटं नव्हतं. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात आणि २००२ सालापासून तिथं त्यांची घरटी राखली जातात. बाबांनी तर हिशेबच मांडला. "तुझ्या येण्याजाण्याला जेवढे पैसे लागणार, तेवढ्यात तिथल्याच एखाद्या माणसाला मजुरी देता आली असती ना?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. तरी मी गेले, कारण मला लेदरबॅक बघायचं होतं.

लेदरबॅक म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं समुद्री कासव. आपलं ऑलिव्ह रिडले चाळीस-पंचेचाळीस किलोंचं. हे तीनशे-चारशे किलोंचं, कधी त्याहूनही जड! त्याला टणक कवच नसतं. पाठीवर काळं, जाड चामडं आणि त्यावर लांबीला सात कंगोरे. खाणं मुख्यतः जेलीफिश. भारतात ही कासवं नियमितपणे अंडी घालायला येतात ती फक्त अंदमान-निकोबारला.

आता नकाशा उघडा पाहू! चेन्नईहून बोटीनं निघालं की सुमारे तीन दिवसांनी पोर्ट ब्लेअर येतं. (२०२४ मध्ये त्याचं नाव श्रीविजयपुरम झालं.) तिथून दुसऱ्या बोटीनं दक्षिणेला हट बे, म्हणजे लिटल अंदमानचं बंदर. पुढं 'डुंगी'. ही तिथली छोटी होडी बरं का! पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडाला आणि मी घड्याळ कानाला लावून बघितलं. पण घड्याळ ठीक होतं. अंदमान आपल्यापेक्षा सुमारे वीस रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे किती झाली? करा गुणाकार. घड्याळ मात्र साऱ्या देशाचं एकच!

झोपडी बांबूची, वर ताडपत्री. जेवायला भात, डाळ आणि मिळाली तर मासळी. डासांपेक्षा वाळूतल्या बारीक माश्या वाईट. चावलं की आठवडाभर खाजवत बसायचं. जंगलातून येणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी. हे बेट मुळात ओंगे या आदिवासींचं. आता ते फार थोडेच उरलेत. त्यांच्या राखीव भागात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि जाऊही नये.

माझ्याबरोबर रात्री चालायला एक करेन काका होते. करेन लोकांना १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आणून मायाबंदरजवळ वसवलं. जंगल आणि समुद्र दोन्ही वाचता येणारी ही माणसं. बाबांचा प्रश्न मी काकांना विचारला. ते म्हणाले, "रात में अकेला नहीं चलने का. दो आदमी चाहिए. दूसरा आदमी तुम है." झालं! मी म्हणजे 'दुसरा आदमी'. माझ्या येण्यानं कासवं वाचणार नव्हती. काकांना एकट्यानं मगरीच्या ओढ्यावरून जावं लागणार नव्हतं, इतकंच. हे उत्तर मी बाबांना पत्रानं कळवलं. ते त्यांना पटलं असावं, कारण पुन्हा त्यांनी हिशेब काढला नाही.

अंधार पडला की निघायचं. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद, कारण पांढऱ्या उजेडानं कासव बुजतं आणि परत फिरतं. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, थोडं बसून पुन्हा उलट. पहिली रात्र गेली, काही नाही. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी... काही म्हणजे काही नाही! सकाळी काका वही पुढं करत. तारीख, वारा, पाऊस, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत चाललो, आणि शेवटच्या रकान्यात शून्य. पाचव्या सकाळी मी म्हटलं, "काका, काही दिसलंच नाही, तर लिहायचं काय?"

काका त्यांच्या हिंदीत जे बोलले ते मी आपल्या भाषेत सांगते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. माणसं गेली, घरं गेली, आणि कासवांचे किनारेसुद्धा गेले. भूकंपानं ही बेटं कुठं कमी, कुठं जास्त खचली. पार दक्षिणेला इंदिरा पॉइंटला तर जमीन सुमारे चार मीटर खाली गेली आणि तिथला दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. लोक म्हणू लागले, आता कासवं यायची नाहीत. पुढं लाटांनीच हळूहळू वाळू परत आणून टाकली. मग कुणी म्हणे, कासवं आली. कुणी म्हणे, कुठली आलीत? खरं काय ते कसं ठरणार? कुणीतरी रोज चालून लिहिलं तरच. आणि 'आज आलं नाही' हे लिहिलं नाही, तर 'आज आलं' याला काय किंमत?

मी शिक्षिका आहे. हे मला एकदम कळलं. अहो, हजेरीपटात आपण हजर मुलांचीच नावं लिहून भागतं का? गैरहजराचा रकाना कोरा ठेवला, तर तो आला नव्हता की बाई विसरल्या, हे कोण सांगणार?

सातव्या रात्री मात्र काकांनी माझा हात धरून थांबवलं. वाळूवर ट्रॅक्टर गेल्यासारखा रुंद पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाशी एक काळा ढीग श्वास घेत होता. आम्ही मागे, गप्प बसून राहिलो. मागचे दोन पाय एकाआड एक खाली जात आणि मुठीत धरल्यासारखी वाळू अलगद वर आणत. दोन-अडीच फुटांचा सरळ खड्डा, न बघता खणलेला! अंडी पडू लागली की तिला आजूबाजूचं भान राहत नाही. तेवढ्या वेळातच काम उरकायचं. संशोधक ताईंनी मापं घेतली. पाठ पाच फुटांहून जास्त भरली. मी अंडी मोजली: ब्याण्णव. डोळ्यांतून चिकट पाणी ओघळत होतं. ती रडत नसते, बरं का. अंगातलं जादा मीठ बाहेर टाकते. मला हे पुस्तकातून माहीत होतं. तरी मी रडले.

मग तिनं खड्डा बुजवला, चोराला घर सापडू नये म्हणून चहूकडे वाळू उडवली आणि समुद्रात गेली. त्याच सुमारास या बेटावरच्या काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली होती. त्यांतल्या काही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला गेल्या, काही थेट मादागास्कर आणि मोझांबिकच्या बाजूला! एकीनं तर तेरा हजार किलोमीटर पार केले.

पालकांसाठी दोन शब्द. हल्ली अशा सेवा-सहलींची प्रमाणपत्रं मिळतात, फोटो निघतात. मुलांना जरूर पाठवा. पण तिथं आपल्यामागं वर्षानुवर्षं काम करणारं कोण आहे, हे आधी विचारा. कुणीच नसेल तर ती निव्वळ सहल.

आणि त्या शून्यांचं पुढं काय होतं, तेही सांगते. ग्रेट निकोबार बेटावरचा गॅलाथिया उपसागर हा लेदरबॅकचा फार मोलाचा किनारा. तिथं मोठं बंदर बांधायचं ठरलं आणि २०२१ च्या जानेवारीत तिथल्या अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. त्यावरून बराच वाद झाला. कासवाला सभेत उभं राहून बोलता येत नाही. त्याच्या वतीनं दाखवायला असतात त्या असल्या वह्या.

फेब्रुवारीत मी घरी आले. मार्चच्या शेवटी काकांचा फोन आला. शिधा न्यायला ते हट बेला आले होते. ब्याण्णवांतली एकसष्ट पिल्लं रात्रीत समुद्रात गेली होती. मी आनंदानं ओरडले. आई स्वयंपाकघरातून धावत आली. मग मी विचारलं, "काका, कल रात कितना आया?"

"जीरो," काका म्हणाले. "लिख दिया."