दोर बोटीला, निर्णय आपल्या हाती

मालवणहून तारकर्लीला पोहोचले की माडांच्या आडून समुद्र एकदम समोर येतो. आपण वाळूवर क्षणभर विसावावे, तोच निळ्या पाण्यावर एक रंगीत छत्र तरंगताना दिसते. हेच पॅरासेलिंग. नातवंडे विचारतात, "आजी, तू येतेस?" आणि आजीने उत्तर देण्याआधीच कुणीतरी म्हणते, "तिला कशाला, या वयात?"

हे उत्तर आजीचे असावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

पॅरासेलिंगचे दोन प्रकार आहेत. एकात वाळूवरून काही पावले धावत उड्डाण करावे लागते आणि उतरताना गुडघे, कंबर व मणक्यांना हिसका बसतो. ज्येष्ठांनी तो टाळावा. दुसऱ्यात यांत्रिक रहाटाच्या साहाय्याने बोटीवरूनच दोर सैल सोडतात आणि पुन्हा गुंडाळून आपल्याला बोटीवर उतरवतात. धावावे लागत नाही. वर गेल्यावर बोटीचा आवाज मागे पडतो. मालवणच्या दिशेला, १६६४ साली शिवरायांनी ज्याचे बांधकाम सुरू केले, तो सिंधुदुर्ग लाटांच्या कड्यात बसलेला दिसतो.

तरीही बोटीत चढणे-उतरणे, पट्ट्यांचा मांड्यांवरील दाब आणि पाण्यात पडण्याची शक्यता उरतेच. हाडे ठिसूळ झाली असतील, हृदयविकार वा अनियंत्रित रक्तदाब असेल, चक्कर येत असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर प्रवासाला निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. किनाऱ्यावर घाईने घेतलेला निर्णय नको. जीवरक्षक जाकीट नीट बसले आहे ना, हे पाहावे. वारा जोराचा असेल, तर चालक तयार असला तरी आपण थांबावे.

काळजी घेणाऱ्यांनो, आपल्या भीतीपोटी त्यांना अडवू नका आणि आपल्या हौसेपोटी त्यांना ढकलूही नका. दोन्हींत त्यांचे मत हरवते.

डॉक्टरांनी नकार दिला, किंवा मनच तयार झाले नाही, तर त्यात कमीपणा कसला? सकाळच्या कोवळ्या उन्हात, सावलीतल्या खुर्चीवर शहाळे हाती घेऊन, आकाशात झुलणाऱ्या नातीला हात हलवून दाखवणे हाही सहलीचाच आनंद आहे. वर गेलेली नात आधी किनाऱ्यावर आपल्यालाच शोधत असते.