कलम एकवीस

अंगकाठी एका वाक्याची. स्वभाव घुमा. कायद्यानं घालून दिलेल्या कार्यपद्धतीशिवाय कुणाचं जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, एवढं बोलून भारतीय संविधानाचं हे एकविसावं कलम गप्प होतं. पुढचं वाचणाऱ्यानं वाचायचं.

१९५० साली कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन तुरुंगातून त्याच्याकडे दाद मागायला आले. बहुसंख्य न्यायमूर्तींनी अक्षराला धरून वाचलं: संसदेचा कायदा आहे, त्यातली पद्धत पाळली, मग ती न्याय्य आहे का हे न्यायालयानं विचारू नये. न्यायमूर्ती फजल अलींना ते पटलं नाही.

आणीबाणीत तर या कलमाला मुकंच करून टाकलं. १९७६ मध्ये पाचांपैकी चौघा न्यायमूर्तींनी सांगितलं, स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचं दार वाजवता येणार नाही. एकटे हंसराज खन्ना म्हणाले, हे कलम नसतं तरी कायद्याच्या आधाराशिवाय माणसाचा जीव घ्यायचा अधिकार सरकारला नाही. त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं. चौघांचा तो निकाल चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयानं म्हणायला २०१७ साल उजाडलं.

पण त्या चौघांतल्याच भगवतींनी १९७८ मध्ये मेनका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात लिहिलं की पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी हवी. चौघांतलेच दुसरे, यशवंत चंद्रचूड, सरन्यायाधीश असताना मुंबईच्या पदपथावरची माणसं कलमाच्या दारी आली. १९८१ मध्ये त्यांच्या झोपड्या उठवायचं ठरलं होतं. पत्रकार ओल्गा टेलिस न्यायालयात गेल्या. १९८५च्या निकालानं मान्य केलं: पोटाचं साधन काढून घेतलं तर जगणंच काढून घेतलं, म्हणून उपजीविकाही याच कलमात येते.

असं ऐसपैस वाचलं तर न्यायाधीश आपल्या मनातलं संविधानात घालतील, ही अक्षरवाद्यांची भीती खरीच आहे. तरीही मी ऐसपैस वाचणाऱ्यांच्या बाजूचा. अक्षराला धरून बसलेल्यांनी गोपालनना काय दिलं?

माझी तक्रार वेगळी आहे. त्याच १९८५च्या निकालानं झोपड्या हटवायला परवानगी दिली, पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगून. हक्क मान्य करायचा आणि माणूस मात्र उठवू द्यायचा, हे वाचन ऐसपैस नव्हे, अर्धवट आहे.