त्रेचाळीस फुटांची रेघ

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा दुकानात आलो आणि कपाटातला एक जुना प्रबंध सहज उघडला. पंचगंगेच्या पुरावरचा, मांडणी माझी. त्यातलं एक पान वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवत आलोय. राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आलेख, 39 फुटांना पिवळी इशारा-रेघ, 43 ला धोक्याची लाल. त्या लाल रेघेच्या दोन्ही अंगांना मळकट धुरळा दिसला. आकड्यांभोवती तर मुंग्या लागल्यासारख्या.

वाटलं, लेन्स अजून बसायची असेल. पण शेजारचा मजकूर लख्ख होता. आलेख मी जेपीजीत साठवला होता. दोष जेपीजीचा, म्हणजे माझाच.

जेपीजी रंगाच्या बाबतीत भारी कंजूष. बऱ्याचदा चार ठिपक्यांत मिळून एकच रंग साठवते. रंकाळा तलावाच्या फोटोला ते खपतं. ठिपकाभर जाडीच्या लाल रेघेत मात्र शेजारचा पांढरा कालवला जातो. यावर मी रेघ जाड करायचो. साठ फूट बारा सेंटिमीटरमध्ये बसवले की एक मिलिमीटरची रेघ अर्धा फूट खाते. मग त्रेचाळीस कुठं, वरच्या कडेला की खालच्या? अर्ध्या फुटात पाणी उंबरा ओलांडतं, 2019 च्या पुरात कोल्हापूरच्या शाहूपुरीनं पाहिलंय.

कामाला आलेली पोरगी म्हणाली, "काका, जेपीजीची पीएनजी केली तर धुरळासुद्धा जसाच्या तसा जपला जातो." मला ठाऊक होतं. तरी 'क्वालिटी वाढवून देतो' म्हणून मी त्याचे पैसे घेतलेत. समोरचा दुकानदार व्हॉट्सअॅपवर आलेला आलेख छापतो म्हणून त्याला हसायचो, तेही याच तोंडानं.

आता ती विद्यार्थ्यांकडून पीडीएफ मागते, रेघ कितीही मोठी करा, फुटत नाही. 'आर' सॉफ्टवेअरमधून आकार न सांगता काढलेली 480 ठिपके रुंदीची पीएनजी ती परत पाठवते. हजारो बिंदूंचा आलेख असला आणि पीडीएफनं प्रिंटर अडला, तरच 600 डीपीआयची पीएनजी. मराठी लेबलं मात्र तिलाही छळतात. 'मॅटप्लॉटलिब'मधून 'दिनांक'ची वेलांटी हमखास पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. ती अक्षरं कोरल ड्रॉमध्ये मी हातानं बसवतो. तेवढं काम अजून माझ्याकडं आहे, आणि ते तिला मुद्दाम शिकवलेलं नाही.

त्या प्रबंधाचं आता पुस्तक निघतंय. मूळ आकडे फ्लॉपीत होते, ती उघडत नाही. उरली ती जेपीजी. काल तिच्यावर नवी, केसासारखी लाल रेघ ओढली. त्रेचाळीस कुठं होतं हे ठरवायला धुरळ्याचा मध्य मोजला. तीनदा मोजला, तिन्ही वेळा वेगळा आला.