आधी तपासणी कुणाची?

आम्ही नवरा-बायको शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. मराठीत 'वांझ', उर्दूत 'बांझ'. दोन्ही शब्द बाईसाठीच. लग्नाला सहा वर्षे होऊन मूल नाही म्हटल्यावर घरात फाइलही एकीचीच जाडजूड झाली. सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट. फुफींनी तर दुसऱ्या निकाहचा विषयसुद्धा काढला.

शेवटी एका डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून वीर्यतपासणी लिहून दिली. इतकी साधी तपासणी, आणि सहा वर्षांत कुणी सांगितली नव्हती! खात्रीसाठी ती दोनदा केली. शुक्राणू कमी निघाले. कारण व्हेरिकोसील. पायावरच्या शिरा फुगतात तशा वृषणावरच्या फुगतात, बहुधा डाव्या बाजूला. रक्त तुंबते, उष्णता वाढते. शंभरातल्या सुमारे १५ पुरुषांना हे असते आणि त्यांतल्या पुष्कळांना मुलेही होतात. म्हणून शिरा हाताला लागत असतील आणि रिपोर्टही बिघडलेला असेल, तरच ऑपरेशनचा विचार करतात. नुसत्या सोनोग्राफीत दिसल्या म्हणून नाही.

जांघेत छोटा छेद घेऊन, सूक्ष्मदर्शकातून पाहत त्या शिरा बांधल्या. मर्दानगी जाते ही भीती अगदीच फुकाची. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे पुढचा रिपोर्ट तीन महिन्यांनी केला. संख्या वाढली आहे. मूल अजून नाही. तशी हमी डॉक्टरांनी दिलीही नव्हती.

गेल्या आठवड्यात शेजारची सून एकटीच तपासणीला निघाली होती. तिच्या नवऱ्याला आम्ही लॅबचा पत्ता लिहून दिला.