बाबांना ऐकू येणारी प्लेलिस्ट

लोलापलूझाचं तिकीट काढलं तेव्हा लाइनअपमधली निम्मी नावं मला उच्चारताही येत नव्हती. 8 आणि 9 मार्च 2025, मुंबईचा महालक्ष्मी रेसकोर्स, चार स्टेज. म्हणजे एकाच वेळी दोघंतिघं गाणार आणि आपण एकालाच ऐकणार. शिकवण्या घेऊन साठवलेले सगळे पैसे त्या तिकिटात गेले होते. भलत्याच स्टेजसमोर उभं राहणं परवडणारं नव्हतं. म्हणून महिनाभर आधी अभ्यास सुरू केला. रोज रात्री एक कलाकार, तीन गाणी.

आमचं वडनेर हैदराबाद हायवेवर. (पुण्यात 2010 साली सुरू झालेल्या एनएच7 वीकेंडरच्या नावातला सात नंबरचा हायवे आमच्याच गावावरून जायचा. आता त्याचा नंबर 44. फेस्टिव्हल मात्र पुण्यात! असो.) रात्रभर ट्रक चालू असतात, त्यात माझ्या इअरफोनची एक बाजू मेलेली. त्यामुळे फोन पूर्ण आवाजात खाटेवर ठेवून ऐकायचे. बाबा हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कामाला आहेत. कापसाच्या हंगामात नऊला घरी येतात, जेवतात आणि त्याच खाटेवर टेकतात.

एका रात्री नॉर्वेची अरोरा लावली होती. वाद्यं जवळजवळ नाहीत, नुसता वर वर जाणारा पातळ आवाज. बाबा स्क्रीनकडे बघत होते.

"हे पोरगी नुसतं तोंड हलवून राह्यली का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. फोन त्यांच्या कानाजवळ नेला. ते माझ्याकडेच बघत राहिले.

मग ग्रीन डे लावलं. ड्रम सुरू झाले तसा त्यांनी खाटेच्या पाटीवर तळवा ठेवला. "हे बरं हाये. हे येते आयकू."

त्या रात्री कलाकार राहिले बाजूला, मी कानांबद्दल वाचत बसले. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलं की आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ढोल, ट्रक, पुरुषाचा खर्जातला आवाज टिकून राहतो. माणूस बहिरा वाटत नाही, कारण त्याला ऐकू येत असतंच. फक्त 'स', 'श' निसटतात, लहान मुलांचं बोलणं निसटतं. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि बाबा ढिम्म. "मुद्दाम करतात," असं आम्ही दोघी किती वर्षं म्हणत आलो.

प्लेलिस्ट बदलली. आता मी बाबांना काय ऐकू येतंय ते बघत होते. ग्लास ॲनिमल्स अर्धे पास. वेव्ह टू अर्थ ही कोरियन मंडळी नापास, बिचारे फारच हळू गातात. सगळ्यात जास्त मार्क हनुमानकाइंडला. 'बिग डॉग्ज'चं शूटिंग मौत का कुआँमध्ये आहे, हे मी सांगायच्या आतच बाबा उठून बसले. "अरे, हा तं जत्रेतला!" तो व्हिडिओ चारदा लावायला लावला. गाणारा केरळचा आणि वाढला अमेरिकेत, हे त्यांनी ऐकलंही नसेल. त्यांचं लक्ष फळ्यांवरून फिरणाऱ्या मोटरसायकलवर.

ग्रीन डेचं 'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स' लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे काय म्हन्ते?"

1982 च्या सप्टेंबरमध्ये गायक बिली जो आर्मस्ट्राँगचे वडील वारले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. गाणं त्यांच्यावरच आहे. मी म्हटलं, "सप्टेंबर महिन्याचं आहे."

"सप्टेंबरात तं पोळा होता औंदा," बाबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

कार्यक्रमांच्या जागी आवाज सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये सुचवलंय. मी इअरप्लगच्या दोन जोड्या मागवल्या. एक माझ्या बॅगेत, एक बाबांच्या डब्याच्या पिशवीत. तीन दिवसांनी बघितलं तर प्लग पिशवीच्या तळाशी आणि त्यांच्या डबीत तंबाखू. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं, तर "हंगाम संपू दे."

निघायच्या दिवशी ते हायवेपर्यंत सोडायला आले. एसटी यायला वेळ होता. मी ट्रकच्या आवाजात जवळजवळ ओरडत म्हटलं, "पोचल्यावर फोन करते."

"फोन नोको करू," ते म्हणाले. "मेसेज कर."

दोन वर्षांपासून ते मला हेच सांगत होते.